रिझवाना गेली ती कापणी

भात पिवळं पडलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. औषध घेण्यासारखं दुखणं नाही हे. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, ते दुखणं. एरवी वर्षभर मी चांगली बाई आहे हो. कॉलेजात शिकवते, पेपर वेळेवर तपासते, शेजारणीने नवा फ्रीज घेतला तर हक्काने पेढे मागून खाते. पण दसरा उलटला, कर्जत-कळंब रस्त्याच्या दोन्ही बाजूंची खाचरं पिवळी झाली आणि स्कूटरवरून जाताना कापलेल्या भाताचा तो ओलसर, जरासा कडवट वास नाकात शिरला, की झालं. अकरा वर्षांपूर्वीची एक कापणी उठून बसते, आणि तिच्या शेजारी रिझवाना.

यंदा तर दुखणं दुप्पट आहे, कारण तीन दिवस झाले, माझ्या पर्समध्ये एक घडी घातलेला कागद आहे. प्रणाली नावाच्या माझ्या विद्यार्थिनीचा. डेन्मार्कमधल्या एका लॅबमध्ये सहा महिने काम शिकायला विद्यार्थी बोलावतात, त्याच्या पहिल्या चाळणीतून ती पार झालीय. येत्या बुधवारी मुलाखत. आणि त्या कागदावर तिने सुवाच्य अक्षरात लिहिलंय की घरच्या जबाबदारीमुळे मी माघार घेत आहे. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलीय. मी सही केली की तिचं जाणं संपलं. पेनही पर्समध्येच आहे. मग मी सही का करत नाही, आणि तो कागद सरळ फाडून का टाकत नाही, हे सांगायचं तर आधी ती कापणी सांगायला हवी.

रिझवाना नेरळची. तिच्या अब्बांचं स्टेशनजवळ भिंतींना लावायच्या रंगांचं दुकान, वर घर. मी कळंबची, आमची ओढ्यालगतची खाचरं. एमएस्सीला आम्ही एका बाकावर होतो, आणि पुढे नवी मुंबईतल्या एका लॅबमध्येही एकाच टेबलावर. विषय लठ्ठपणाचा. म्हणजे माणूस जाड का होतो, ते त्याच्या पेशीत शिरून, तिथल्या एकेका रेणूची चौकशी करत बघायचं. गावात कुणी विचारलं की मी म्हणायची, "चरबीवर काम करते." त्यावर समोरची बाई हमखास स्वतःच्या पोटाकडे बघायची आणि पदर सारखा करायची.

आमच्याकडे उंदराच्या पेशी असायच्या, प्लास्टिकच्या चपट्या बश्यांमध्ये. सुरुवातीला लांबट, किडकिडीत. त्यांना दर दोन दिवसांनी जेवायला घालायचं. म्हणजे जुनं झालेलं गुलाबी पाणी काढायचं आणि ताजं घालायचं. रविवार असो, दिवाळी असो, पेशींना सुट्टी कळत नाही. आठ-दहा दिवसांत त्या गोल गरगरीत होत, पोटात चरबीचे थेंब धरत. त्यावर लाल रंग सोडला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला की वरणावर तुपाचे थेंब तरंगावेत तसे थेंबच थेंब, फक्त लालभडक. आरशात जी आपल्याला बघवत नाही ती चरबी तिथे इतकी देखणी दिसायची की मी आणि रिझवाना "माझी बघ, माझी बघ" करत एकमेकींना खेचायचो.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. "उंदराला चरबी चढवायला एवढं शिकाया लागतं व्हय गं? आमच्या भाताच्या कणगीत येऊन बघा म्हणावं. फुकटात चढते."

पेशींच्या जेवणाची आम्ही सावड केली होती. सावड म्हणजे आमच्याकडची कामाची देवघेव. आज तुम्ही आमच्या खाचरात कापायला या, उद्या आमच्या घरचं माणूस तुमच्याकडे येईल. मजुरी नाही, फक्त दिवस फेडायचा. ईदला रिझवानाच्या पेशींना मी जेवायला घालायची, गणपतीत माझ्या पेशींना ती. एकदाही कुणाची बशी उपाशी राहिली नाही. खरं सांगते, मला ताप असतानाही मी तिच्या बश्यांसाठी गेलेली आहे. म्हणजे माझ्यात चांगुलपणा नव्हता असं नाही. तो एका जागेपाशी येऊन संपला इतकंच.

ती जागा आली त्या वर्षी सप्टेंबरात. आमच्या मॅडमनी सांगितलं, डेन्मार्कची एक लॅब, चरबीच्या पेशींवरच काम करणारी, आपल्याकडून एक विद्यार्थी सहा महिन्यांसाठी नेणार आहे. एकच. आमच्या लॅबमध्ये अर्ज करण्यासारख्या दोघी. मॅडम म्हणाल्या, "दोघी करा, त्यांना ठरवू दे." आम्ही दोघी हसलो, एकमेकींना ढुश्या दिल्या आणि कँटीनमध्ये जाऊन एक समोसा अर्धा-अर्धा खाल्ला. तो शेवटचा समोसा, जो मी तिच्याबरोबर निखळ मनाने खाल्ला. त्यानंतर तिने घेतलेला घासही मला मोठा दिसायला लागला.

घरी आईला सांगितलं की याला एक्स्चेंज म्हणतात, देवाणघेवाण. ती भाकरी थापत होती. विचार करून म्हणाली, "म्हणजे सावडच ना? मग तिकडची पोर कधी येणार आपल्याकडं?" मी म्हटलं, "तिकडून कुणी येत नाही गं आई, इकडूनच जातात." तिने भाकरी तव्यावर टाकली. "मग ही कसली देवघेव," म्हणाली. मला तिच्या अडाणीपणाचा राग आला होता. आज ते आठवलं की वाटतं, आमच्या घरात शास्त्रज्ञ कुणी असेल तर ती आईच.

त्या ऑक्टोबरात रिझवाना आमच्याकडे दोन दिवस कापणीला आली. मीच बोलावलं होतं. तिने कधी हातात विळा धरला नव्हता, आणि मला मनातून, का खोटं बोलू, तिची फजिती बघायची होती. फजिती झालीही. पहिल्या तासात करंगळी कापून घेतली, चिखलात चप्पल रुतली, भारा डोक्यावर घेतला तर सगळा मानेवरून मागे. पण ती हसली, आणि तिच्याबरोबर सगळं खाचर हसलं. दुपारपर्यंत आमच्या आळीच्या बायका माझ्या नावाने नाही, तिच्या नावाने हाका मारत होत्या. "अगं रिझवाना, इकडं ये गं, माझ्या ओळीला ये." मी जन्मापासून त्या खाचरात आहे. माझ्या विळ्याची तारीफ कधी कुणी केली नाही.

संध्याकाळी ती ओटीवरच्या कणगीपाशी जाऊन उभी राहिली. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली, तिच्या डोक्यापेक्षा उंच. "काकी, हे एवढं मोठं कशाला? भात पोत्यांत नाही ठेवत?" आई काही बोलायला लागली की लवकर थांबत नाही. सांगत बसली. "धान्य वाईट नसतं बाय. धान्याला जागा नसली का वाईट. कणगी फुटली ना, का मग भात घरभर होतं. चुलीपाशी, मोरीपाशी, जिथं नको तिथं. वल धरतं, कुजतं. लोक म्हणतात भातानं घर नासलं. भातानं नाय नासत, कणगी नव्हती म्हणून नासतं." रिझवाना कणगीच्या अंगावरून हात फिरवत ऐकत होती. मी आतून ओरडले, "आई, पुरे गं तुझं, चहा गार होतोय." मी ते तोपर्यंत शंभर वेळा ऐकलं होतं. म्हणजे कान उघडे ठेवून एकदाही ऐकलं नव्हतं.

मुलाखत नेरळला, रिझवानाच्या घरी. आमच्याकडे नेटवर्क मिळायला बांधावर जाऊन हात वर करावा लागायचा, आणि तिच्या घरी दुकानासाठी घेतलेलं चांगलं इंटरनेट होतं. तिकडचे सकाळचे दहा, आपले दीड. तिच्या अम्मीने आम्हाला लिंबाचं सरबत दिलं आणि दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघींच्या, हे मी मुद्दाम लिहिते. त्या बाईने एका क्षणासाठीही भेद केला नाही. खालून दुकानातल्या रंगांचा वास येत होता. माझ्या बोटांना भाताच्या पातीने बारीक काप पडले होते, ते सरबताच्या ओल्या पेल्यावर चुरचुरत होते.

पहिला नंबर माझा. पडद्यावर तिघं जण. बाकी सगळं ठीक गेलं. शेवटी पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी विचारलं, समजा एखाद्या माणसाच्या अंगातल्या चरबी साठवणाऱ्या सगळ्या पेशीच नाहीशा केल्या, तर तो माणूस निरोगी होईल का? मला वाटलं, किती सोपं विचारलंय. मी म्हटलं, होईल. आणि चरबीने होणारे सगळे अपाय घडाघडा म्हणून दाखवले, एकही न विसरता. त्या बाई गोड हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मी खूश होऊन बाहेर आले.

मग रिझवाना आत गेली. खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. मी बाहेर वेताच्या मोड्यावर बसले होते. तिलाही तोच प्रश्न. ती गप्प राहिली, इतका वेळ की मला वाटलं, अडकली. आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं. मग तिचा आवाज आला, अडखळत, मोडक्या इंग्रजीत. माझ्या मैत्रिणीच्या घरी, ती म्हणाली, माझ्यापेक्षा उंच एक टोपली आहे. त्यात वर्षाचं भात राहतं. ती टोपली नसेल तर भात कमी होत नाही, घरभर होतं आणि कुजतं. तसंच चरबीला तिची जागा मिळाली नाही तर ती यकृतात जाते, स्नायूंमध्ये जाते. अंगावर चरबीच नसलेली माणसं जन्माला येतात, ती काडीसारखी असतात आणि तरी त्यांना साखरेचा भयंकर आजार होतो. पेशी वाईट नाही, ती तर आपल्याला वाचवत असते.

आत कुणीतरी मोठ्याने "आह" केलं.

मला काय वाटलं? मला वाटलं, पडदा ओढावा आणि ओरडावं, ती कणगी माझी आहे! शेण माझ्या आईने लावलंय! त्या पांढऱ्या केसांच्या बाईला सांगावं की हिला तर विळासुद्धा धरता येत नाही. हातातला पेला मी इतका आवळला की अम्मी म्हणाली, "बेटा, बरं नाही वाटत का?" रिझवानाने कणगीच्या जोडीला वाचलेलंही होतं. ते आजार, ती माणसं, सगळं तिने कुठूनतरी शोधून वाचलं होतं, आणि मी वाचलं नव्हतं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मात्र मला ती सरळ चोर वाटली. बाहेर येऊन तिने विचारलं, "तुझं कसं गेलं गं वैशू?" मी म्हटलं, "मस्त!" आणि कळंबला परत येईपर्यंत टेंपोत एक शब्द बोलले नाही. अर्थात टेंपोत ती नव्हतीच, पण असती तरी बोलले नसते.

आठ दिवसांनी भाताची झोडणी चालू असताना मी नेटवर्कसाठी बांधावर गेले आणि मेल उघडली. तुमच्या अर्जाबद्दल आभार, आणि पुढे जे लिहितात ते. पाठोपाठ तिचा फोन. ती रडत होती की हसत होती कळत नव्हतं. "वैशू, माझं झालं गं! तुझंपण पुढच्या वर्षी होणार बघ!" मी म्हणाले, "अभिनंदन गं, किती छान." माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. फोन ठेवला आणि खळ्यावर येऊन भाऱ्यावर भारा झोडत सुटले. बाबा म्हणाले, "हळू गं, दाणं लांब उडतात."

आणि तेव्हाच ते घडलं. आमच्या शेजारच्या सखूकाकी सूप घेऊन भात पाखडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं, तू परदेशी जाणार होतीस ना? काय झालं त्याचं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाय जात ती. बापावर एकट्यावर शेत टाकून कशी जाईल? सोडलं तिनं." सूप थांबलं. सखूकाकींनी माझ्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं बघितलं. "गुणाची पोर गं," म्हणाल्या. आईला सगळं ठाऊक होतं. मेल आली तेव्हा माझा चेहरा तिने लांबून बघितला होता. पोरीची नामुष्की नको म्हणून तिच्या तोंडातून ते निघून गेलं. आणि मी? मी पुढचा भारा उचलला. एक "नाही" म्हणायला किती वेळ लागतो? तेवढाही मी काढला नाही.

आईचं ते वाक्य मग आमच्या खाचरातून निघालं आणि गावभर झालं. दिवाळीनंतर गावच्या सत्यनारायणाला माझा सत्कार झाला. शाल, नारळ. सरपंच बोलले, आजच्या काळात आईबापासाठी परदेश सोडणारी मुलगी. नापास झाल्याबद्दल शाल मिळालेली मी कर्जत तालुक्यातली बहुधा एकटीच असेन. पहिल्यांदा खोटं आई बोलली, दुसऱ्यांदा सरपंच. तिसऱ्यांदा मी. कर्जतच्या कॉलेजात नोकरीच्या मुलाखतीला विचारलं, संशोधन का सोडलं, तेव्हा मी शांतपणे म्हणाले, "घरी शेती होती सर. एक संधी आली होती, पण घर सोडवलं नाही." त्यानंतर दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला मी ते सांगते. इतकं छान सांगते की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

लॅबच्या मॅडम सोडल्या तर खरं माहीत असलेली जगात तीन माणसं. आई, मी आणि रिझवाना. तिच्या भावाच्या लग्नाला ती तिकडून आली होती. सहा महिन्यांचं काम संपल्यावर तिला तिथेच पुढचं शिक्षण मिळालं, मग नोकरी. लग्नात आमच्या जुन्या वर्गातली एक जण सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "तुझं नशीब बाई, वैशालीने सोडलं म्हणून तुझा नंबर लागला." मी बिर्याणीच्या ताटात मान घातली. आता ही बोलणार. रिझवानाने माझ्याकडे बघितलं, अगदी थोडं, आणि म्हणाली, "हो ना. नाहीतर हीच गेली असती." आणि माझ्या ताटात अजून थोडी बिर्याणी वाढली.

तिने मला उघडं पाडलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. पण तिने झाकलं. तिच्याकडे लॅब होती, डेन्मार्क होतं, आणि वर हा मोठेपणाही. मला एक तरी गोष्ट तिच्यापेक्षा जास्त मिळायला नको? त्या रात्रीपासून मी तिच्यावर आणखीनच जळते.

तिचे फोटो मी बोटांनी मोठे करून बघते. तिच्याकडे नाही, मागे. खिडकी कशी आहे, टेबलावर कुठलं यंत्र आहे, बाहेर किती बर्फ. एका फोटोत ती सायकलवर, लाल मफलर, गाल लालबुंद. मी, जिने चरबीच्या रेणूंचा इतका अभ्यास केला, त्या मी मनापासून इच्छा केली आहे की रिझवाना जाडी व्हावी. तिकडे लोणी, चीज, थंडी, का नाही होणार? आणि झालीही हो. चांगलीच भरली. पुढच्या फोटोत बघते तर अधिकच गोड दिसत होती मेली.

या ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला. "वैशू, आता आमच्या लॅबचं एक्स्चेंज मी बघते. यंदा गावाकडच्या कॉलेजांनाही घेतोय. तुझ्याकडची एखादी हुशार मुलगी पाठव ना. तू शिकवलेली असेल तर मला काळजीच नाही." मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. मग नोटीस लावली, फळ्याच्या अशा कोपऱ्यात, जिथे लायब्ररीचे दंड लावतात. कुणी वाचू नये म्हणून. प्रणालीने वाचली.

प्रणाली खालापूरच्या पुढच्या एका गावातली. वडील कंपनीत कंत्राटी कामाला, आणि घरची थोडी शेती. प्रॅक्टिकलला ती सगळ्यात शेवटी जाते, कारण स्वतःचं झालं तरी दुसऱ्याच्या बशीत डोकावत बसते. उत्तर बरोबर आलं तरी "पण मॅडम, असं का?" विचारते. त्या वयात मी अशी नव्हते. रिझवाना होती. अर्जासोबतचं तिचं टिपण मी तपासायला घेतलं, आणि त्यात दुरुस्त करायला काही सापडेना तेव्हा मी चिडून दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले.

आणि मग गुरुवारी ती हा कागद घेऊन आली. चेहरा उजळलेला, डोळ्यांत पाणी. "मॅडम, मी नाय जात. आबांची पाठ धरलीय, आईला एकटीला जमत नाय, माणसं मिळत नाय कापणीला. आबा म्हणतात जा, पण मीच ठरवलं. तुमी फर्स्ट इयरला सांगितलं होतं ना तुमचं, तेव्हाच मी ठरवलं होतं, वेळ आली तर आपणपण असंच करायचं. तुमच्यासारखं." आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागेसुद्धा घेतले नाहीत.

तीन दिवस तो कागद माझ्याकडे आहे. रोज काढून वाचते आणि मनात काय येतं ते लपवत नाही. पहिलं हे येतं की कर सही. तुझा काय दोष? तिचा निर्णय. ती राहील, तिचाही सत्कार होईल, शाल मिळेल. तिची शाल तर खरी असेल. ती खरंच सोडतेय, आणि माझ्या खोट्याला एक खरी सोबतीण मिळेल. शिवाय बुधवारी त्या पडद्यावर रिझवानासमोर माझी विद्यार्थिनी बसणार नाही, तिला निवडून रिझवाना मला उपकाराचा मेसेज करणार नाही, आणि मला आणखी एकीच्या फोटोतल्या खिडक्या मोठ्या करून बघाव्या लागणार नाहीत. सगळं कसं सोयीचं. फक्त सही करायला बसले की पेनाचं टोपण काढते आणि परत लावते.

इथवर लिहिलं आणि रविवार उजाडला. सकाळी स्कूटर काढली आणि खालापूरच्या पुढे प्रणालीचं गाव गाठलं. प्रणालीचं खाचर रस्त्यापासून आत आहे, चालत गेले. अर्धं कापून झालं होतं. तिची आई भारे बांधत होती. वडील बांधावर बसून विळ्याला धार लावत होते, पाठीला पट्टा. मला बघून धडपडत उठले.

"या मॅडम, या. पोरीनं सगळं सांगितलं तुमचं. तुमी बापाचं नाव राखलंत. आमी तिला जा म्हणतोय, पण ती तुमचंच घेऊन बसलीय. प्रणाली, पाणी आण गं मॅडमना."

प्रणाली घामाने निथळत आली, कळशी घेऊन. मी पाणी प्यायले. तोंड पुसलं. मला वाटत होतं, छान सुरुवात सुचेल, वर्गात सुचते तशी.

"प्रणाली, मी सोडलं नव्हतं," मी म्हणाले. "मला घेतलं नाही."

तिला कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मी मुलाखत दिली. शेवटचं उत्तर चुकलं. माझी मैत्रीण बरोबर बोलली, ती गेली. घरासाठी वगैरे काही नाही. मी घरी राहिले कारण मला कुणी बोलावलं नाही."

तिचे वडील विळ्याकडे बघायला लागले. आईने बांधलेला भारा तसाच खाली ठेवला. प्रणालीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मग दरवर्षी वर्गात सांगता ते?"

"खोटं."

"सगळं?"

"कापणी खरी होती. बाकी सगळं."

"मी तीन दिवस रडलेय हो मॅडम," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि मला बरं वाटलं. "मला एवढं जायचंय आणि मी तुमचं आठवून आठवून स्वतःला समजावत होते! तुमाला जायचं होतं?"

"होतं. इतकं होतं की जी गेली तिच्यावर मी अजून जळते. आणि गुरुवारपासून तुझ्यावर."

तिच्या आईने पदर तोंडाला लावला. वडील खाकरले. मी पर्समधून कागद काढून तिच्यापुढे धरला. सही नव्हती, ते तिने आधी बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, प्रॅक्टिकलला दुसऱ्याच्या बशीत बघते तसं.

"मी जावं असं वाटतं तुमाला?"

शिक्षक म्हणून याला एकच उत्तर असतं. ते जिभेवर आलंही होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "अजिबात वाटत नाही. म्हणून तर सांगायला आले."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, चौघडी केली आणि वडिलांच्या हातात दिला.

"आबा," ती म्हणाली, "बुधवारी मी कापायला नाय."